भंडारा उचलल्यावर

बिरूने देव्हाऱ्यापुढच्या वाटीतून हळदीचा भंडारा उचलला तेव्हा त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. एक हात भंडाऱ्यात, दुसरा आईच्या डोक्यावर, त्यामुळे नाक पुसायचीही सोय नव्हती.

"म्हन," मुकादम सिदाप्पा म्हणाला.

"आज सकाळच्यानं गोळी शिवलो न्हाई," बिरू म्हणाला. "आन् डाक्टर सोडंस्तवर शिवनार न्हाई. शिवलो तर बिरोबानं माझं वाटुळं करावं."

"आईचं बी म्हन."

बिरूने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचं पातेलं धरून चुलीपाशी उभी होते.

"आईचं बी," तो हळूच म्हणाला.

सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. टोळीतले चार हमाल भिंतीला टेकून बघत होते. आम्ही माणसं दिवसातून दहा शपथा घेतो. पोरांची घेतो, अन्नाची घेतो, गळा चिमटीत धरून घेतो आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो. भंडाऱ्याचं तसं नाही. माझ्या माहेरी एकाने बांधावरून खोटा भंडारा उचलला होता, त्याची चाळीस मेंढरं आठ दिवसांत गेली. रोगाने गेली असतील, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

बिरू म्हणजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण नाव न घेता ही गोष्ट सांगायला गेले तर तुमचाही घोळ होईल आणि माझाही, म्हणून घेते. ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बिरू सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाल होता. पाठीत एकदा उसण भरली म्हणून औषधाच्या दुकानदाराने त्याला एक गोळी दिली. ती घेतली की पाठ आपली नाहीच असं वाटायचं आणि माणूस संध्याकाळपर्यंत पोती वाहायचा. टोळीतले सगळेच अधूनमधून ती गोळी घ्यायचे. पण बिरू अधूनमधूनवर थांबला नाही. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि चौथ्या वर्षी मी मोजल्या तर दिवसाला सोळा. त्या श्रावणात पोत्यांच्या थप्पीवर असताना त्याला झटका आला आणि तो वरून खाली पडला. खाली हळदीचा ढीग होता म्हणून वाचला. सिदाप्पाने सांगून टाकलं, "बरा हो, मग कामावर ये. तुझं मढं उचलायला मला लावू नको."

मिरजेच्या रस्त्याला एक दवाखाना होता, तिथे असल्या माणसांना भरती करून घेत. तिथल्या डॉक्टर उपाध्ये मॅडमनी आठवडाभर आधी त्याला तपासून सगळं सांगितलं होतं. सोमवारी सकाळी शेवटची गोळी घ्यायची. मंगळवारी दहा वाजता यायचं, मध्ये काही घ्यायचं नाही. त्रास होईल, तो व्हायलाच हवा, कारण तो दिसल्याशिवाय आमचं औषध देता येत नाही. आमचं औषध जिभेखाली ठेवायचं असतं, त्याने त्रास उतरतो.

हे मीही ऐकलं. पण मला वाटलं, ऑपरेशनच्या आधी उपाशी या म्हणतात तसं काहीतरी असेल. चुकून कपभर चहा घेतला तर कुणी मरत नाही. खुळी मी.

सोमवारी भंडारा उचलला आणि रात्र जी काय गेली ती गेली. तिचं सांगत नाही. मंगळवारी तांबडं फुटायला बिरू घरात येरझाऱ्या घालत होता. जांभयांवर जांभया येत होत्या, डोळ्यांना धार लागली होती आणि अंगावरचा केस न् केस उभा होता. खाली बसला की पाय आपोआप झाडायचा. सासूबाई रात्रभर जागून नुकत्या कलंडल्या होत्या.

"पायात वळवळतंय," तो म्हणाला. "हाडात. आत हात घालून खाजवावं असं वाटतंय."

"चार तास राहिलं. दहाला जायचंच हाय."

"चार तास न्हाई निघत मालन." तो दाराकडे गेला. "मी जरा रुळाकडं जाऊन येतो."

आमच्या वस्तीमागून रेल्वेचा रूळ जातो. तिकडे माणसं सकाळी कशाला जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बिरूच्या हातात टमरेल नव्हतं. त्याने चपलाही घातल्या नव्हत्या. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, "आधी च्या घ्या. मग जावा कुठं जायचं तिथं."

सासूबाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या गटारात टाकल्या होत्या, असं त्यांना वाटत होतं. एक दहाचं पाकीट मी ज्वारीच्या डब्यात खाली दडवून ठेवलं होतं. का ठेवलं, विचाराल तर भीतीनं. बिरू मरायला टेकला तर हाताशी काहीतरी असावं म्हणून. मी चार गोळ्या लाटण्याने ठेचल्या, चहात टाकल्या, वर मूठभर साखर घातली.

आणि हे करताना मी स्वतःशी हिशेब घातला तो असा: भंडारा बिरूने उचललाय, मी नाही. त्याला कळलंच नाही, तर शपथ मोडली कुणी? देवाला सगळं कळतं हे मला लहानपणापासून शिकवलेलं, पण त्या घडीला मला ते सोयीस्करपणे आठवलं नाही. आठवलं तेव्हा म्हटलं, बिरोबा, काय व्हायचं ते माझं होऊ दे. त्याला यात धरू नको.

त्याने चहा दोन घोटांत संपवला. पाऊण तासाने तो भिंतीला टेकून बसला आणि त्याचे पाय थांबले. सासूबाई उठल्या, लेक शांत बसलेला बघितला आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन नाक घासलं. "पावला," म्हणाल्या. मी भांडी घासायला घेतली.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी त्याच्या डोळ्यांत उजेड मारून पाहिला. नाडी बघितली, हात पुढे करायला लावले.

"शेवटची गोळी कधी?"

"काल सकाळी सहाला," बिरू म्हणाला.

"भंडारा उचललाय त्येनं," सासूबाईंनी सांगितलं. "माझ्या डोक्यावर हात ठिवून."

मॅडम कोल्हापूरकडच्या, त्यांना भंडारा काय ते समजलं. तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा. काही घेतलंय मध्ये?"

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. बिरू खाली बघत होता.

"न्हाई," मी म्हटलं.

"अठ्ठावीस तास झाले म्हणता आणि बाहुल्या अजून बारीक आहेत," त्या म्हणाल्या. "बरं. घाई नको. थांबू आपण. लक्षणं नीट दिसली की देऊ."

त्याला खाट दिली. खोलीत आम्ही तिघंच. रणभिसे सिस्टर दर तासाला येऊन नाडी बघून जायच्या. बाई तोंडाने फटकळ, पण हात मायेचा. साडेबारा वाजता बिरूला पुन्हा जांभया सुरू झाल्या. एक वाजता घाम फुटला, नाक वाहायला लागलं, पाय झाडायला लागले. मॅडम आल्या, तपासलं आणि त्यांचं तोंड जरा उजळलं.

"आता दिसतंय. सिस्टर, दोन वाजता पहिली गोळी जिभेखाली. तोपर्यंत याला पडू दे."

त्यांना बरं वाटलं आणि मला धडकी भरली. पहाटेचा तोच चेहरा पुन्हा समोर आला होता. बिरूने खाटेची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. दोन वाजायला तास होता. एक तास म्हणजे काय ते मॅडमना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. आणि रूळ नसला तरी ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती.

"मी च्या आनते," मी म्हटलं.

"माझ्यासाठी नगं," सासूबाई म्हणाल्या. "त्येला आन."

खाली चहाच्या गाडीवर मी कप घेतला, जिन्याच्या वळणावर उभी राहिले आणि कनवटीला लावून आणलेल्या पाकिटातल्या चार गोळ्या दाताने फोडून त्यात टाकल्या. जीभ कडूजहर झाली. वर येऊन कप बिरूच्या तोंडाला लावला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि प्यायला.

दोन वाजता सिस्टरनी त्याच्या जिभेखाली त्यांची गोळी ठेवली. "बोलायचं नाही, गिळायचं नाही, विरघळू द्यायची," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, झालं. आता दोन्हीकडून आधार मिळाला.

तीन वाजायच्या आत बिरू उठून बसला. "मालन," म्हणाला, आणि पुढचा शब्द यायच्या आधी भडभडून ओकला. मग जे सुरू झालं ते मी त्याच्या आधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही बघितलं नाही. वरून ओकारी, खालून जुलाब, दोन्ही एकदम. अंग थडथड उडायला लागलं. घामाने गादी भिजली, आणि वर दात वाजत होते. तो पोट धरून वळायचा आणि गुरासारखा ओरडायचा. डोळे इतके मोठे झाले होते की ते आमच्या बिरूचे डोळे वाटेनात. पहाटेचा त्रास याच्यापुढे काहीच नव्हता.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "काय दिलं गं त्या बाईनं माझ्या लेकाला? इख दिलं का?"

मॅडम धावत आल्या. त्यांनी पोटावर हात ठेवला तसा बिरूने त्यांचा हात झटकला. पोट फळीसारखं ताठलं होतं. त्या सिस्टरना म्हणाल्या, "हे असं व्हायला नको. तेहतीस तासांनंतर या गोळीनं आराम पडायला हवा, उलटं कसं होईल?" मग माझ्याकडे वळल्या. "वेदनेच्या गोळ्या उपाशीपोटी खायचा का हा?"

"रोज," मी म्हटलं. ते खरं होतं.

"पोटातला अल्सर फुटला असेल तर वेळ नाही. सर्जनना बोलावते. फोटो काढू आणि गरज पडली तर लगेच पोट उघडावं लागेल. नाडी एकशे चाळीस आहे, भूल देणंसुद्धा धोक्याचं आहे, तुम्हाला आधीच सांगते. सिस्टर, सहीचा कागद आणा."

कागद आला. सिस्टरनी माझ्या हातात पेन दिलं आणि बोटाने जागा दाखवली. माझी शाळा सातवीपर्यंत झालेली, सही मला येते. मालन बिरू हाके, एवढंच लिहायचं होतं.

पेन कागदाला टेकवलं आणि मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका, डॉक्टरकीतलं मला काही समजत नाही. पण मॅडम तेहतीस तास म्हणत होत्या आणि दोनच तास झाले होते. त्यांचं सगळं गणित माझ्या खोट्यावर चाललं होतं, आणि त्या खोट्यावर ते बिरूचं पोट फाडणार होते. बोलले नाही तर तो भुलीतच मरेल. बोलले तर सासूबाईंसमोर, देवासमोर, टोळीसमोर त्याचा भंडारा खोटा पडेल, आणि माझं या घरात काय होईल ते होईल. सासूबाई अजून माझं मनगट धरून होत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "त्येनं एक वाजता चार गोळ्या घेतल्यात."

"काय?"

"त्येला ठावं न्हाई. म्या च्यातनं दिल्या. पहाटं चार आन् आत्ता चार." मी कनवटीचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. दोन गोळ्या उरल्या होत्या. "हे घ्या. पोट नका फाडू त्येचं."

मॅडमनी पाकीट उलटून बघितलं. माझ्या कानाखाली आवाज काढतील असं वाटलं, आणि काढला असता तर मी गाल पुढे केला असता. पण त्या सिस्टरकडे वळल्या.

"सिस्टर, सर्जनना सांगा लगेच नको. फोटो काढूच, पण आता मला कळलंय हे काय आहे." मग मला म्हणाल्या, "अंगात ती गोळी असताना आमची गोळी दिली की आमची गोळी तिला हुसकून लावते. चार दिवसांत हळूहळू यायचा तो त्रास अर्ध्या तासात येतो. म्हणून विचारत होते कधी घेतली. दोनदा विचारलं मी."

"मरंल का हो त्यो?"

"आता नाही. पण आज भूल दिली असती तर मी सांगू शकले नसते."

फोटोत पोट शाबूत निघालं. मग सलाईन लावलं, ओकारीचं इंजेक्शन दिलं, आणि तीच जिभेखालची गोळी पुन्हा थोडी थोडी देत राहिले. हे मला उलटंच वाटलं, पण आता मी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. सिस्टर त्याचं अंग पुसत होत्या, चादरी बदलत होत्या आणि मला बोलत होत्या. "शहाणी समजतेस स्वतःला. डॉक्टरपेक्षा शहाणी. धर ते पातेलं." मी धरत होते. त्या शिव्या मला गोड लागत होत्या, कारण मरणाऱ्या माणसाच्या बायकोला कुणी तसं बोलत नाही.

सहाच्या सुमाराला ओरडणं थांबलं. बिरू कुशीवर पडून कण्हत होता. सिस्टर बाहेर गेल्या आणि सासूबाई सुरू झाल्या. आवाज मुळीच चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"माझ्या डोक्यावर हात ठिवलाता त्येनं. मी मेली तर मरू दे, माझं वय झालं. पर त्यो खरा हुता. जन्मात पैल्यांदा खरा हुता. आन् तू त्येला खोटा केलास. आता सिदाप्पाला काय सांगू? देवाला काय सांगू?"

मी फरशीकडे बघत उभी होते.

"आये," खाटेवरून आवाज आला. "तिला बोलू नगं."

"तू गप पड."

"मला ठावं हुतं."

सासूबाई थांबल्या. मीही वर बघितलं.

"पहाटं पैल्याच घोटाला कळलं," बिरू म्हणाला. मधे मधे दात वाजत होते, म्हणून तो शब्द तोडून बोलत होता. "चार वरीस खातोय. ती गोळी किती कडू लागती मला कळत न्हाई व्हय? कळलं, आन् प्यालो. दुपारी बी कळलं. दुपारी तर वाट बघत हुतो, कवा आनती म्हनून. भंडारा तिनं न्हाई मोडला. म्या मोडला."

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मग त्या उठून व्हरांड्यात गेल्या.

मला त्याचा राग आला म्हणून सांगू? अंगाची लाही लाही झाली. एकदा देवाला आणि एकदा मॅडमना मी सांगितलं होतं की याला काही ठाऊक नाही. सिस्टर सहीचा कागद माझ्यापुढे धरून उभ्या होत्या तेव्हा हा ओरडत होता, पण शुद्धीवर होता. "पोट फाडायला निघालेते," मी म्हटलं. "तवा बी बोलला न्हाईसा."

"बोललो असतो तर तुला कळलं असतं, की मला कळतंय." तो डोळे मिटून म्हणाला. "मग तू पुन्ना दिल्या नसत्यास."

एवढं खरं माझ्याशी तो लग्न झाल्यापासून बोलला नव्हता. दिवसभर मी देवाला भ्यायले, मरणाला भ्यायले, सासूला भ्यायले. या माणसाला भ्यायला हवं होतं, आणि त्याहून जास्त स्वतःला, हे मला तोवर सुचलं नव्हतं. त्याला मागायचीही गरज पडली नव्हती. तो नुसता जांभया देत बसला आणि मी गोळ्या ठेचल्या.

त्याने सुई टोचलेला हात चादरीवरून पुढे केला आणि माझ्या पदराचं टोक धरलं.

"मालन, मला लई भ्या वाटतंय. दहा दिवस काढायचं हायेत. मी पुन्ना मागनार. आत्ता शुद्धीत हाय म्हनून सांगतो, मी कायबी बोलंन. रडंन. तुझ्या आईबापाचा उद्धार करंन. तू देऊ नगंस."

"न्हाई देनार."

"भंडारा नगं. नुसतं सांग."

"सांगितलं की. न्हाई देनार."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मागितली. रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान होतं, खिडकीतून त्याची पाटी दिसायची. आधी तो गोड बोलला. मग एकच दे म्हणाला, मग अर्धी. मग मला रांड म्हणाला आणि माझ्या मेलेल्या बापाला खड्ड्यातून वर काढलं. मग खाटेवरून उतरला, फरशीवर बसला, दोन्ही हातांनी माझे पाय धरले आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्याचं कपाळ माझ्या पावलांवर होतं आणि ते तापलेलं होतं. मी खाटेचा गज धरून ठेवला, कारण माझे पाय मला न विचारता जिन्याकडे निघाले असते. मला त्याची इतकी दया आली की जीव द्यावा वाटला, आणि तितकीच त्याची भीती वाटली.

मी दिली नाही.